एका वाचकाचा ब्लॉग

दमयंती घरतच्या ब्लॉगला एकच वाचक आहे, असं तिच्या मुलाचं, प्रणितचं ठाम मत होतं. "आणि तोपण रिकामटेकडा," असं तो वर जोडायचा. ब्लॉग त्यानेच काढून दिला होता, कॉलेजात असताना. आईला चार दिवसांची हौस आहे, फिटली की गप्प बसेल, असा त्याचा अंदाज होता. हौस काही फिटली नाही. प्रणित नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, त्याचं पोट सुटलं, आणि दमयंती आपली दर आठवड्याला दुपारची भांडी आवरून मोबाइल घेऊन बसायची आणि एका बोटाने लिहायची.

ब्लॉगचं नाव 'चुलीपाशी'. घरातली चूल जाऊन जमाना झाला होता, ते सोडा. पनवेलजवळच्या कोन गावात एक्सप्रेसवेच्या अंगाला घरतांची शेती होती. ती गेली, पैसे आले, आणि दोघा भावांनी मिळून गावात चार मजली इमारत उठवली. पहिल्या मजल्यावर थोरले बुधाजी, तिसऱ्यावर धाकटे जगन, म्हणजे दमयंतीचे यजमान, आणि बाकी सगळे भाडेकरू. पण दमयंती लिहायची ते जुन्या चुलीवरचंच. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, कशा मोडायच्या, खुब्यांच्या शिंपल्या उकडलेलं पाणी का फेकायचं नाही, वालाच्या बिरड्यात गूळ किती. हे सगळं तिला शिकवलं होतं तिच्या थोरल्या जावेने, हौसाताईने. दमयंती चिरनेरहून लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरीसुद्धा धड थापता येत नव्हती. हौसाताईने तिला हाताला धरून शिकवलं, आणि वेळ पडली तेव्हा त्याच हातावर चापटही मारली.

ब्लॉगच्या कडेला दमयंतीने एक रकाना ठेवला होता, 'शेजार' नावाचा. त्यात तिला आवडणाऱ्या दुसऱ्या ब्लॉगांचे पत्ते. एक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते, ते घाटातल्या चहाच्या टपऱ्यांबद्दल लिहायचे आणि मधेच राजकारणावर घसरायचे. नागपूरची एक बाई गच्चीवरच्या वांग्यांबद्दल लिहायची आणि वांग्यांना नावं ठेवायची, म्हणजे खरोखरची नावं, बारशासारखी. नवीन पनवेलच्या सुनीता नावाच्या निवृत्त शिक्षिका फक्त जुन्या साड्यांवर लिहायच्या. या मंडळींना दमयंतीने कधी पाहिलं नव्हतं, पण ड्रायव्हरसाहेबांनी महिनाभर काही लिहिलं नाही तर तिला घोर लागायचा. त्यांच्याही ब्लॉगांवर कडेला 'चुलीपाशी'चा पत्ता होता. एकाकडे गेलं की दुसऱ्याचं दार दिसायचं. कुणी नाव विचारत नव्हतं, कुणी खातं उघड म्हणत नव्हतं. यायचं, वाचायचं, वाटलं तर खाली दोन शब्द टाकायचे, नाहीतर तसंच निघायचं. दमयंतीला हे फार आवडायचं.

आणि मग तो एक वाचक. प्रत्येक लेखाखाली हटकून त्याची प्रतिक्रिया यायची. नावाच्या जागी 'अनामित' आणि मजकूर आगरी बोलीत, दोन ओळींच्या वर कधी नाही. "मीट जास्ती व्हईल." "खुबे उकरताना झाकान नाय ठेवाचा." "लसून ठेचाचा, कापाचा नाय." कौतुक औषधालासुद्धा नाही. पहिल्यांदा दमयंतीला राग आला होता. कोण हा टिकोजीराव, स्वतःच्या घरी जाऊन शिकव म्हणावं. पण गंमत अशी, की दर वेळी त्याचं बरोबर निघायचं. झाकण न ठेवता खुबे उकडले, तर ते खरंच मऊ झाले. हळूहळू तिला सवय लागली. लेख टाकला की ती दुसऱ्या दिवशी दुपारी वाट बघायची, आता महाराज कुठे बोट ठेवतात म्हणून.

"आई, तो अनामितचा ऑप्शन बंद कर ना," प्रणित म्हणायचा. "लॉगिन कम्पल्सरी ठेव. स्पॅम येतो त्याने."

"राहू दे. कोन आलाच तर दारावरशी परत कशाला लावाचा?" ती म्हणायची, आणि विषय तिथेच राहायचा.

मग प्राचीने तो रील केला. प्राची म्हणजे प्रणितची बायको, खारघरला एका ऑफिसात काम करायची, हुशार पोर. रविवारी सासू जिवंत चिंबोऱ्यांशी झटापट करत होती आणि त्यांना आगरीत शिव्या घालत होती. प्राचीने ते गुपचूप मोबाइलवर घेतलं आणि टाकून दिलं. सोमवारी संध्याकाळपर्यंत अर्ध्या रायगड जिल्ह्याने दमयंतीच्या शिव्या ऐकल्या होत्या. पनवेलच्या मासळी बाजारात एक कोळीण तिला बघून "चिंबोरीवाली आली गं!" म्हणून ओरडली, आणि दोन मुठी करंदी, बारकी कोळंबी, फुकट घातली. दमयंती लाजली, पण घरी येईपर्यंत ती एकटीच हसत होती. खोटं कशाला सांगा, तिला आवडलं. प्राचीने आणखी रील केले, तेही चालले. आणि मग एका मसाला कंपनीचा फोन आला.

कंपनीकडून अपूर्व नावाचा मुलगा पुण्याहून आला. गुणी होता, चपला बाहेर काढून आत आला, जेवणाला नाही म्हणाला नाही. कंपनी एक चॅनेल काढणार, त्यात दमयंतीकाकू आगरी जेवण करून दाखवणार, स्वयंपाकघरात नवीन ओटा, नवीन दिवे, सगळं कंपनी करणार. प्राचीला त्याच कंपनीत काम मिळणार होतं, व्हिडिओचं सगळं तीच बघणार. प्राचीचा चेहरा उजळला होता. तिला ऑफिसातलं काम मुळीच आवडत नव्हतं, हे दमयंतीला माहीत होतं.

"एकच आहे काकू," अपूर्व चिंबोरीचा नांगा फोडत म्हणाला. "या रेसिपी मग फक्त आमच्याकडे राहतील. तुमचा तो ब्लॉग आहे ना, तो काढावा लागेल. सगळं तिथे फुकट मिळत असेल तर लोक आमच्याकडे कशाला येतील?"

"काय हरकत नाय," जगन बायकोच्या आधीच म्हणाले. "तो कोन वाचतंय?"

दमयंतीनेही मान हलवली. एवढी मोठी गोष्ट दारात आलेली, आणि एका ब्लॉगासाठी अडून बसणारी ती कोण? येत्या रविवारी सह्या करायचं ठरलं.

आता इथे घरतांच्या घरातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीने बोलायचं नाही. दमयंती लग्न होऊन आली तेव्हा गावात ही रीत होतीच, आणि बाकीच्या घरांतून ती केव्हाच गेली तरी या घरात राहिली. कुणी धरून ठेवली म्हणून नव्हे, तर मोडायची कुणी हेच ठरलं नाही म्हणून. दमयंती बुधाजींसमोर आली की पदर डोक्यावर घ्यायची, ते नजर दुसरीकडे वळवायचे. काही सांगायचंच असेल तर मधे हौसाताई असायची. "ताई, भावजींना इचारा, आनखी भाकर देऊ का?" आणि भावजी दोन हातांच्या अंतरावर बसलेले असून हौसाताईला सांगायचे, "तिला बोल, आर्धी दे." इतकी वर्षं दोघांचं बोलणं असं तिसऱ्या तोंडातून चाललं. मग हौसाताई गेली, आणि ते तोंडच गेलं. बुधाजींची मुलगी हेतल जासईला सासरी. तेव्हापासून खालचा डबा दमयंतीच करायची. दुपारी जाऊन पहिल्या मजल्याच्या दाराशी स्टुलावर ठेवायची, घंटी वाजवायची आणि वर यायची. संध्याकाळी डबा घासून त्याच स्टुलावर. त्यातलं जेवण कसं झालं होतं, हे तिला कधी कळलं नाही. विचारणार कुणाला?

तर त्या आठवड्यात दमयंतीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बुधवारी जगन उरणला कुठल्याशा बैठकीला गेले होते, मुलगा-सून ऑफिसात. तिने जवळा-वांगं केलं, म्हणजे बारकी सुकी कोळंबी घालून वांगं. डोक्यात नव्या ओट्याचा दगड काळा घ्यावा की तांबडा हे चाललेलं, त्यात तिने गॅस लवकर बंद केला आणि डबा भरून खाली ठेवून आली. स्वतः जेवायला बसली तेव्हा कळलं, वांगं करकरतंय. तिने जीभ चावली आणि उरलेलं परत गॅसवर चढवलं. पण डबा तर गेला होता, आणि जाऊन माफी मागायची सोय नव्हती.

दुपारी तिने शेवटचा लेख लिहिला. 'चुलीपाशी' रविवारी बंद होतोय, इतकी वर्षं आलात, बरं वाटलं, आता मला नव्या चॅनेलवर बघा, असा साधासुधा निरोप.

दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं तर खाली गर्दी. ड्रायव्हरसाहेबांनी भलामोठा परिच्छेद लिहिला होता. नागपूरच्या बाईने कळवलं होतं की तिच्या एका वांग्याचं नाव दमयंती आहे. सुनीताबाईंनी लिहिलं होतं, 'मी कधी कळवलं नाही हे चुकलंच. तुमचं बिरडं आमच्याकडे दर श्रावणात होतं.' कधी नाव न ऐकलेली माणसं होती, दुबईचं कुणी, सांगलीचं कुणी. सगळी वाचत होती आणि गप्प होती. दमयंतीला हसू आलं आणि थोडा रागही आला. जिवंतपणी नाही, आणि मयताला गाव लोटलं.

सगळ्यात शेवटी अनामित होता. या वेळी दोन ओळींच्या वर.

'निरोप वाचला. त्या दुसऱ्या ठिकानी आमाला येवाला जमनार नाय, तिकरं नाव सांगावा लागतंय. इथं तसा नव्हता. कालचे जवल्यान वांगा कच्चा रायला, तवाच समजला का तुमचा मन जाग्यावर नाय.'

दमयंतीने ते वाचलं. पुढे गेली, थांबली आणि पुन्हा मागे आली. जवळ्याबद्दल तिने ब्लॉगावर अक्षर लिहिलेलं नव्हतं. काल ते कच्चं वांगं खाल्लं होतं फक्त दोन माणसांनी. त्यातली एक ती स्वतः होती.

ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. मग सगळ्या जुन्या प्रतिक्रिया उघडून वाचू लागली. पहिली सापडली ती हौसाताईचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधीची. आता ओळखून वाचताना प्रत्येक ओळ वेगळी वाटायला लागली. मीठ जास्ती होईल, ही ओळसुद्धा आता ओळखीच्या आवाजात ऐकू येत होती. पोपटीच्या, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या, एका लेखाखाली लिहिलं होतं, 'आमचे घरान आता रांधनारा कोन नाय. हा वाचला का वास येतो.' तेव्हा तिला वाटलं होतं, असेल कुणी परदेशातला एकटा मुलगा. ती हळहळली होती त्याच्यासाठी. आणि तो दोन मजले खाली बसला होता, तिचाच डबा समोर घेऊन.

दमयंती रडली. कुणी नव्हतं घरात, त्यामुळे मोकळेपणाने रडली.

पण रडून झाल्यावर जी पंचाईत तिच्यासमोर उभी राहिली ती काही सोपी नव्हती. ब्लॉग गेला तर तो माणूस मुका होणार होता. आणि ब्लॉग ठेवायचा तर का ठेवायचा हे कुणाला सांगायची सोय नव्हती. जगनना सांगितलं असतं तर ते खाली जाऊन भावाच्या पाठीवर थाप मारून हसले असते, "काय दादा, कमेंटी करतंस?" आणि त्या दिवसापासून अनामित पुन्हा आला नसता. इमारतभर झालं असतं, गावभर झालं असतं. त्याला नाव नव्हतं म्हणूनच तर त्याला तोंड फुटलं होतं.

रविवारी अपूर्व कागद घेऊन आला. दमयंतीने चहा दिला आणि सरळ सांगितलं, "ब्लॉग ऱ्हानार. तो ठेवून काय ते करा."

अपूर्वने फोन लावले. गॅलरीत जाऊन बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याचाच चेहरा उतरला होता. "काकू, जुने लेख राहू द्या पण दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत असे ठेवा, लॉक करून. वाचायचं त्याने परवानगी मागायची. एवढं तरी?"

"परवानगी मागायची म्हंजे नाव सांगाचा?"

"हो, ईमेल तर द्यावा लागेल."

"मग नाय."

"का पन?" जगन ओरडलेच. "कोनासाठी? त्या एका बिननावाचे मानसासाठी?"

"हो," दमयंती म्हणाली. खरं सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही, हे तिच्या पथ्यावर पडलं. जगनना वाटलं बाई चेष्टा करतेय. ते पाय आपटत खाली गेले.

प्राची अपूर्वला दारापर्यंत पोचवून आली आणि आपल्या खोलीत गेली. हे सगळ्यात कठीण होतं. दमयंती तिच्यामागून गेली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"आई, मी तुमच्यावर रागावलेय," प्राची म्हणाली. "मला फक्त कारण सांगा. मला कळलं तर मी नाही रागावणार."

दमयंतीच्या ओठावर आलं होतं. ही पोर कुणाला सांगणारी नव्हती. पण गुपित दुसऱ्याचं होतं. "नाय सांगता येत गो," ती म्हणाली. "रागाव तू. तुझा हक्क हाय."

आणि प्राची खरंच रागावली. दोन आठवडे "हो आई, नाही आई" इतकंच. कंपनीने अलिबागकडची दुसरी बाई घेतली. तिच्या रीलमध्ये ती चिंबोरीला हात लावायच्या आधी मोजे घालत होती. ते बघून मात्र प्राचीला राहवलं नाही. ती सासूला दाखवायला धावत आली, आणि तिथून थोडं थोडं बरं झालं. नोकरी मात्र तिला तीच करावी लागली. ते काही बरं झालं नाही.

दरम्यान दमयंतीने नवा लेख लिहिला होता. जवळा-वांग्यावर. सुरुवात तिने फार विचार करून केली. 'परवा माझं वांगं कच्चं राहिलं. सांगणाऱ्याने सांगितलं ते बरं केलं. चुलीपाशी बंद होणार नाही. एक विचारायचं आहे. जवळा आधी भाजून घ्यायचा की धुऊन, याबद्दल आमच्या हौसाताई काय म्हणायच्या ते मी विसरले. कुणाला माहीत असेल तर सांगावं.'

ती विसरली नव्हती. हौसाताईने त्यावरूनच पहिली चापट मारली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मोबाइल उघडला. अनामित नव्हता. तिसऱ्या दिवशी नव्हता. नागपूरची बाई होती, आणि तिला वांग्यांच्या वतीने राग आला होता. पुढच्या आठवड्यातही काही नाही. डबा घासून स्टुलावर येत होता, तसाच, काही न बोलता. दमयंतीला वाटायला लागलं, आपण फार पुढे गेलो. हौसाताईचं नाव घ्यायला नको होतं. तो समजला, की मी समजले. आता तो लाजून आत बसला, आणि प्राचीची नोकरी घालवून आपण हे कमावलं. तिला स्वतःचा इतका राग आला, की दोन दिवस तिने ब्लॉग उघडलाच नाही.

मग एका दुपारी तिने उघडला, आणि प्रतिक्रिया होती. नाव तेच, अनामित. पण ही लांब होती. शब्द मधेच तुटलेले, एखादा दोनदा लिहिलेला. लिहिणाऱ्याला बरेच दिवस लागले असणार.

'जवला आधी भाजाचा, मंग धवाचा. हौसा तसाच करायची. तिला वाचाला येत नव्हता. तू लिवलास का मी तिला वाचून दावायचो, सगला, पयल्यापासून. तिला लय बरा वाटाचा. तुला बोलली नाय कारन पोरगी शेफारंल बोलायची. मी वाचायचो आनि ती चुका सांगायची, हिता मीट जास्ती, हिता झाकान नको. ती गेली तवा मी तेच लिवाला लागलो. त्या माझ्या चुका नाय, तिच्या हायेत. आता मना आठवतात तवऱ्या सरत आल्यात. तरी तू लिव. मी वाचतंय. अजून मोठ्यानी वाचतंय.'

दमयंतीला इतकी वर्षं वाटत होतं, की हौसाताईने तिचं एक अक्षर कधी ऐकलं नाही. "तुझी ती फोनातली चूल," असं हसून ती उडवून लावायची, आणि दमयंतीला ते लागायचं. लेख टाकला की त्याच संध्याकाळी खाली पहिल्या मजल्यावर तो मोठ्याने वाचला जात होता, आणि वर तिला पत्ता नव्हता. ती पदराने डोळे पुसत बसली, पुसले की परत भरायचे. खालचं अक्षर दिसेना.

शेवटी तिने उत्तराच्या चौकटीत बोट ठेवलं. लिहिलं, 'लिहिते, भावजी.'

तिने त्या शेवटच्या शब्दाकडे बराच वेळ बघितलं. लग्न झाल्यापासून त्या माणसाला तिने एकदाही हाक मारली नव्हती. मग तिला आठवलं, की हे दुबईला दिसतं, सांगलीला दिसतं, प्रणितला दिसतं, आणि यातलं कुणीही आत यायला परवानगी मागत नाही. तिने तो शब्द खोडला आणि 'लिहिते' एवढंच पाठवलं.